बंपर बदलला म्हणून गाडी युरोपियन होत नाही

मर्सिडीजची आर१०७ एसएल, म्हणजे दोन सीटांची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, मी पहिल्यांदा निरखून पाहिली ती जर्मनीत, नोकरीच्या पहिल्या वर्षी. पुढे क्रोमचा बारीक बंपर, दोन्ही बाजूंना काचेचा एकेक रुंद दिवा. पुढे अमेरिकेत आलो आणि काकांच्या गॅरेजमध्ये तीच गाडी दिसली, १९८३ची ३८०एसएल (३.८ लिटर इंजिनाची). ओठ सुजावा तसा पुढे आलेला बंपर आणि एका दिव्याच्या जागी दोन-दोन गोल डोळे. "काका, हिला कुणी ठोकलंय का?" मी खरंच विचारलं. काका आठवडाभर माझ्याशी धड बोलले नव्हते.

ठोकलं होतं ते कायद्याने. ताशी ५ मैलांच्या धडकेत दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत, असा अमेरिकेचा नियम आला आणि १९७४च्या मॉडेलपासून या गाडीला ते अवजड बंपर लागले. लांबी जवळजवळ वीतभर वाढली. गोल दिवे त्याहून जुन्या नियमाचे: काच, आरसा आणि फिलामेंट एकत्र सीलबंद. गंमत म्हणजे १९८२मध्ये बंपरचा नियम अडीच मैलांवर आला आणि १९८३मध्ये सीलबंद दिव्यांची सक्तीही सुटली. पण १९८९मध्ये उत्पादन थांबेपर्यंत अमेरिकन एसएल तशीच राहिली. १९७१चं डिझाइन, त्याच्यावर आणखी खर्च कोण करणार!

तर गेल्या महिन्यात काकांनी युरोपियन बंपर मागवले. जुना पुढचा उतरवताना आम्हा दोघांची कंबर गेली. नवा मी एकट्याने उचलला. बसवायला मात्र ब्रॅकेटपासून सगळंच वेगळं, अख्खा शनिवार त्यात गेला. संध्याकाळी काका लांब उभे राहून बघत म्हणाले, "झाली की नाही जर्मन?"

माझ्यातला इंजिनिअर गप्प बसला नाही. "काका, इंजिनाचं काय?"

कारण खरा फरक बॉनेटखाली आहे. १९८३मध्येच युरोपात विकलेली ३८०एसएल २०४ हॉर्सपॉवरची, काकांची १५५ची. दोन्ही ३.८ लिटर, व्ही८ (आठ सिलिंडरची). धुराचे नियम पाळण्यासाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला इंधन-हवेचा दाब) उतरवलं, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवला, आणि पिकअप गेला. म्हणून तर ऐंशीच्या दशकात पैसेवाले लोक युरोपातून ५००एसएल स्वतःच मागवायचे, कारण कंपनी ती अमेरिकेत विकतच नव्हती. गाड्यांच्या आयातीवरच्या १९८८च्या कायद्याने तो मार्ग जवळजवळ बंद झाला. कंपनीने १९८६ला अमेरिकेला ५६०एसएल दिली, जी युरोपला कधीच मिळाली नाही. इंजिन ५.५ लिटरचं, ताकद २२७. युरोपातली ५००एसएल पाच लिटरमध्येच २४५ काढत होती. शिवाय ५६०च्या डिकीवर तिसरा ब्रेकलाइट चिकटवलेला. तो पाहिला की मला अजून कसंतरीच होतं.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "मला कुठे रेस लावायचीय?" बरोबर आहे. बारीक बंपरात गाडी देखणी दिसते, हे मीही नाकारत नाही.

जुना बंपर त्यांनी गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. परवा गाडी आत घेताना माझा अंदाज चुकला आणि मी थेट त्याच्यावर जाऊन थांबलो. त्याच्यावर ओरखडासुद्धा नाही. माझी नंबरप्लेट वाकली.