औषध नसलेल्या रोगाशी बारा वर्षं : आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

२००९ साली शहादा तालुक्यात दहा गुंठ्यांवर शेडनेट टाकून आम्ही पपईची रोपं करायला लागलो. तैवान ७८६ चं बी, काळ्या पिशव्या, शेणखत-माती. मी, बायको आणि दोन मजूर. पहिली तीन वर्षं धंदा बरा चालला.

चौथ्या हंगामात एका शेतकऱ्याने आमची दोन हजार रोपं लावली. काही आठवड्यांतच शेंड्याची पानं पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांनी भरली, मग आखडून नाडीसारखी बारीक झाली. देठांवर तेलकट रेघा आल्या. जी थोडी फळं धरली, त्यांवर गोल कडी उमटली. रिंगस्पॉट! हा पपईचा विषाणूजन्य रोग. तो माणूस भांडला नाही. "भाऊ, आता काय मारू?" एवढंच त्याने विचारलं. रोपांचे पैसे परत केले, पण दोन एकराचं वर्ष मी कुठून परत देणार होतो?

त्या प्रश्नापायी मी एका विषाणूतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जे समजावलं, त्याने आमचा धंदाच बदलला.

या विषाणूची सगळी पुंजी म्हणजे दहा हजारांहून थोडी जास्त अक्षरं असलेला आरएनएचा एक धागा. त्यावरून प्रथिनांची एक लांब साखळी बनते आणि तिचे तुकडे होऊन वेगवेगळी प्रथिनं तयार होतात. पण साखळी बनवायचा कारखाना विषाणूकडे नसतो, तो पपईचा. पेशीत ईआयएफ-४ई नावाचं प्रथिन असतं. झाडाचे निरोप प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेणं हे त्याचं काम. या कुळातले विषाणू आपल्या धाग्याच्या टोकाला व्हीपीजी हे प्रथिन लावतात आणि ते व्हीपीजी या ईआयएफ-४ईलाच जाऊन चिकटतं. बैल आपल्या गोठ्यातला आणि औत चोराचं, असा प्रकार. झाड विषाणूचा आरएनए कापून काढू पाहतं, तेव्हा एचसी-प्रो हे प्रथिन त्या बचावात आडवं येतं. हायनान बेटावरच्या संशोधकांना तर विषाणूचं आणखी एक प्रथिन पपईच्या अशा प्रथिनाला धरताना दिसलं, जे हरितलवकात जाऊन तिथली झीज भरून काढतं. धरून ठेवल्यावर ते आत पोहोचतच नाही.

मारायचं तर कुणाला? यंत्रणा झाडाचीच आहे. विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो मावा, रस शोषणारी बारीक कीड. त्याच्यावर फवारा मारला तरी तो मरायच्या आत सोंड टोचून मोकळा झालेला असतो. विषाणू सोडायला त्याला काही सेकंद पुरतात. हवाईत १९९८ पासून विषाणूच्या आवरण-प्रथिनाचं जनुक घातलेली पपई लावतात आणि ती तिथे टिकली. आपल्याकडे तिला परवानगी नाही. मिरची आणि वाटाण्याच्या काही वाणांत ईआयएफ-४ई मुळातच थोडं वेगळं असतं, त्यामुळे याच कुळातल्या काही विषाणूंना तिथे पकड मिळत नाही. असं पपईचं बी हाती यावं, याची मी मनापासून वाट बघतोय.

तोवर रोप स्वच्छ ठेवणं एवढंच आमच्या हातात आहे. कर्ज काढून ५० मेशची, म्हणजे बारीक विणीची जाळी बसवली, दुहेरी दार केलं, पिशव्या सोडून प्रो-ट्रे (खाचांचे रोपांचे ट्रे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतलं. आसपास काकडी, दोडका, भोपळा लावू देत नाही, कारण विषाणू त्यांच्यावरही राहतो. शंका आली की पान आरटी-पीसीआरला, म्हणजे विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला जातं आणि अहवाल येईपर्यंत ती अख्खी लॉट थांबते. रोप महाग झालं, निम्मी गिऱ्हाइकं गेली. ती दोन वर्षं फार कठीण गेली.

आता बुकिंग घेताना पहिला प्रश्न पैशाचा नसतो. "शेजारी जुनी पपई उभी आहे का?" असेल तर ती काढून टाका म्हणतो, बांधाने मक्याच्या दोन ओळी धरा म्हणतो, क्रॉप कव्हर (रोपांवर घालायचं पातळ कापड) कसं टाकायचं ते शेतावर जाऊन दाखवतो. जुनी बाग काढायची तयारी नसेल, तर त्याला रोपं देत नाही.