कार्डावरची रिकामी ओळ

मंगळवार, रात्री उशिरा

आज लसीच्या कार्डावर तिच्या नावाच्या जागी त्या मुलाने 'कुत्री' असं लिहिलं.

त्याची काही चूक नाही. त्याने दोनदा विचारलं, "मॅडम, नाव?" आणि दोन्ही वेळा मी "अजून ठरतंय" म्हणाले. मागे रांग होती. त्याने कार्ड ओढलं आणि भरून टाकलं. जात रॉटवायलर, मादी, वजन ४१ किलो, आणि नावापुढे निळ्या शाईत तो शब्द. वर शिक्का. तो शब्द मी याआधीही ऐकलाय, माणसाच्या तोंडून, माणसासाठी. तेव्हा बहुतेक एवढा लागला नव्हता. असो.

तिला येऊन अकरा दिवस झाले. अकरा दिवसांत एक नाव सुचू नये?

सुचली ढीगभर. दादा पहिल्याच दिवशी फोनवर म्हणाला, "चंडी ठेव, लोक नाव ऐकूनच फाटकाबाहेर थांबतील." दोन दिवस तेच चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी सतरंजीवरचा ओला डाग बघून मी ओरडले, "चंडे, काय करून ठेवलंस हे!" आणि माझी मीच जीभ चावली. भवानी, दुर्गा, काली सगळ्या त्याच कारणाने बाद. मग वहिनीने दुसरं टोक गाठलं. हिडिंबा, ताटका, शूर्पणखा. तेव्हा खूप हसलो, पण नंतर मला ते टोचत राहिलं. अंगापिंडाने थोराड बाई असली की तिच्यासाठी आपल्याकडे दोनच कप्पे, एक देव्हाऱ्यातला आणि एक राक्षसिणींचा. कुत्रा असता तर वाघ्या, शेरू, खंड्या, राजा, काहीही चाललं असतं. कुत्री म्हटलं की राणी, जुली, परी. ४१ किलोची परी.

आणखी एक नाव आहे. फार पूर्वी ठेवून दिलेलं. ते नाही द्यायचं.

नियम तर मला पाठ झालेत. नाव दोन अक्षरी हवं, सुरुवात ठसठशीत, आणि शेवटी हाकेत लांबवता येईल असा स्वर. रोजच्या हुकमांशी मिळतंजुळतं नको, म्हणजे 'बस' शिकवायचं असेल तर बसंती बाद. रागावताना नाव घ्यायचं नाही, नाहीतर नाव ऐकलं की कुत्रं यायच्याऐवजी पलंगाखाली जातं. (सतरंजीच्या दिवशी हा मोडला.) झेनोफन नावाच्या ग्रीकाने तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवलंय, की हाक मारायला सोपी म्हणून नावं छोटी ठेवा, आणि खाली लांबलचक यादी दिलीय. त्यात भाला आहे, राखणदार आहे. म्हणजे तेव्हाही माणसं रात्री वही घेऊन बसत होती.

माझ्या वहीत सदतीस झाली. बिजली, नागीण, तोफ, वाघीण, ज्वाला. आज कार्ड हातात घेऊन ती सगळी मोठ्याने वाचली. ती दारात आडवी पडून ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हतीच, एक डोळा अर्धा उघडा. आणि माझ्या लक्षात आलं की यातलं एकही नाव मी तिच्याकडे बघून लिहिलेलं नाही. सगळी फाटकाकडे बघून लिहिलीत. मी त्या माणसाला ऐकू जाईल असं नाव शोधतेय.

काय पण अक्कल! राखण करणाऱ्या कुत्रीचं नाव बाहेरच्याला कळायचं कारणच काय? बाहेरच्याला ऐकू जातं ते भुंकणं. हिचं भुंकणं पोटातून येतं, खिडकीची काच थरथरते, त्याला वेगळं नाव लागत नाही. नाव तर फक्त दोघींसाठी, मी हाक मारणार आणि ती येणार. तरीही मला भीतीदायकच हवंय. मला कोणाला भीती घालायची आहे? ते प्रकरण संपलं असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. मग संध्याकाळी कडी दोनदा का बघते? स्वतःला जे कधी जमलं नाही ते एका जनावराच्या गळ्यात नाव म्हणून बांधायचं, आणि वर ते शोभतंय का ते बघायचं. रडू आलं थोडं. थोडं म्हणजे बऱ्यापैकी.

तेवढ्यात ही उठली, आली, मांडीवर डोकं टेकवलं. प्रेमाने असावं. लाळ मात्र सगळी वहीवर, 'ज्वाला' तर पूर्ण विझली.

आणि ज्वाला कसली! परवा मीटर बघायला आलेल्या माणसाने हिच्या कानामागे खाजवलं तर चारही पाय वर. पाऊस सुरू झाला म्हणून मी छत्री उघडली, तर पलीकडच्या खोलीत पळाली आणि पडद्यामागे लपली. पडदा गुडघ्यापर्यंतचा. मागून अख्खी कुत्री दिसत होती.

मग सरमा आठवली. ऋग्वेदातली इंद्राची कुत्री, दहाव्या मंडलातली. पणी नावाच्या असुरांनी लपवलेल्या गाईंचा माग काढत एकटी नदी ओलांडून जाते. ते तिला बहीण म्हणतात, गाईंमधला वाटा देऊ करतात, आणि ती सांगते की मला भाऊ-बहीण हे नातं ठाऊक नाही. महाभारताच्या सुरुवातीला तिच्या पिल्लाला जनमेजयाचे भाऊ विनाकारण मारतात तेव्हा भर यज्ञात जाऊन जाब विचारणारीही सरमाच. काही नाही केलं त्याने, मग का मारलंत? उत्तर कोणाकडेच नसतं. एवढा साधा प्रश्न विचारायला मला, जाऊ दे.

देवी नाही, राक्षसीण नाही. कुत्रीच. आणि त्या मुलाने लिहिलेलं तेच तर आहे.

मला जास्त आवडला तो मात्र वेगळाच भाग. बृहद्देवता नावाच्या जुन्या संस्कृत ग्रंथातल्या कथेत हीच सरमा पणींचं दूध पिऊन परत येते आणि इंद्राला सांगते, गाई? कुठल्या गाई? म्हणजे मीटरवाल्याचीही सोय झाली.

अडचणी आहेत. जोरात हाक मारली की 'शर्मा' ऐकू येतं. दादा म्हणेल, कुठल्या ऑफिसातली आहे? तरी म्हटलं बघू, आणि जागेवरूनच हलक्या आवाजात म्हणाले, "सरमा." दोन्ही कान उभे! थेट माझ्याकडे बघायला लागली. छाती भरून आली अगदी. पुन्हा म्हणाले, पुन्हा कान.

मग कळलं. अकरा दिवस ही प्रत्येक दारात आडवी पडते आणि मी दिवसभर "अगं सरक, सरक ना" करत असते. 'सर' एवढंच तिच्या ओळखीचं आहे. नियमाप्रमाणे हे नाव पहिल्या फटक्यात बाद व्हायला हवं. पण हुकमासारखं नाव ठेवू नये, हे हुकूम ऐकणाऱ्या कुत्र्यांसाठी असणार.

कार्डावर निळ्यावर एक काळी रेघ मारली आणि वर लिहिलं. शिक्क्यावर थोडं चढलं.

दिवा बंद करायला उठले तर ती दारातच. "सरमा, सरक." तिने बघितलं, शेपटी एकदा जमिनीवर आपटली. हलली नाही. मी ओलांडून गेले.