खालची मर्यादा: एका शून्यापायी गेलेले सोळा दिवस

रत्नागिरीजवळ मिरजोळे औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे मशीन शॉप आहे आणि तेथील तपासणीचे काम माझ्याकडे आहे. कोल्हापूरच्या एका ग्राहकासाठी आम्ही पंपाचे शाफ्ट करतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्या ग्राहकाने अट घातली की, तपासणीच्या वह्या बंद करून मापे सॉफ्टवेअरमध्ये भरावीत आणि आंबा घाट चढून जाणाऱ्या प्रत्येक खेपेबरोबर सीपीकेचा (मापे ठरलेल्या मर्यादांच्या आत किती ऐसपैस बसतात ते सांगणाऱ्या आकड्याचा) अहवाल द्यावा. सॉफ्टवेअर घेतले, संगणकावर चढवले, डिजिटल मायक्रोमीटर केबलने जोडला; बटण दाबताच आकडा थेट रकान्यात उमटू लागला. हे सर्व दीड दिवसात झाले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

पार्ट मास्टर, म्हणजे नगाच्या मापांची आणि मर्यादांची यादी, भरताना ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला मी आधी गोलातला क्रमांक दिला. एकूण चौतीस मापे निघाली. त्यांपैकी ग्राहकाने खूण केलेली नऊच मी सॉफ्टवेअरमध्ये घेतली, कारण चेंफरपासून (कडेच्या तिरप्या कापापासून) सर्व काही भरत बसलो असतो तर ऑपरेटरने तिसऱ्या दिवशी मनानेच आकडे टाकायला सुरुवात केली असती. बेअरिंगच्या जागेचा व्यास २५ मिलिमीटर, फिट एच ६ (छोटा एच), म्हणजे वरची मर्यादा २५.०००, खालची २४.९८७. हे माप विनातक्रार बसले. अडलो तो रनआउटशी.

बेंच सेंटरवर शाफ्ट धरून फिरवला की डायलचा काटा जेवढा हलतो, तेवढा रनआउट. ड्रॉइंगवर तो कमाल ०.०३० मिलिमीटर दिला आहे आणि खालची मर्यादा दिलेलीच नाही, कारण जितका कमी तितका चांगला. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘खालची मर्यादा’ या चौकटीशेजारी लाल तारा होता. चौकट रिकामी ठेवली की नोंद जतन होईना. रनआउट शून्याखाली जाऊच शकत नाही, मग शून्य लिहायला काय हरकत आहे, असा विचार करून मी तेथे ०.००० लिहिले. तारा गेला, नोंद जतन झाली आणि मी चहाला गेलो.

पाच-पाच नगांचे पंचवीस गट मोजून झाले. सरासरी ०.००६ आली, सिग्मा (वाचनांचा सरासरीभोवतीचा पसारा) ०.००२ आला. डायलकडे पाहणाऱ्या कोणालाही दिसले असते की काम उत्तम आहे; अहवालात मात्र सीपीके १.०० छापला होता आणि ग्राहकाला किमान १.३३ हवा होता. खेप अडली. मालकांनी मला बोलावले, मी सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराला, बोलावले. आमचे सेटर जुने, हाताने पक्के. त्यांनी एक शब्दही न बोलता चकचे सॉफ्ट जॉ (नग पकडणारे मऊ जबडे) नव्याने बोअर केले, सेंटर बदलले आणि पुन्हा तेवढेच नग काढले. सरासरी ०.००४ वर आली, सिग्मा ०.००१६ झाला. सीपीके ०.८३!

“साहेब, काम सुधारलं की मार्क कमी होतात काय?” असे त्यांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही, आणि त्या प्रश्नाची बोच अजून गेलेली नाही.

उत्तर खरे तर साध्या भागाकारात होते. सरासरीपासून दोन्ही मर्यादांची अंतरे मोजायची, प्रत्येकीला तिप्पट सिग्माने भागायचे आणि जे उत्तर लहान येईल तो सीपीके. माझ्या त्या शून्यामुळे सॉफ्टवेअर शून्याला धोक्याची रेषा समजत होते आणि शाफ्ट जितका खरा फिरे, तितका त्या रेषेच्या जवळ जाई. ०.००४ भागिले ०.००४८, म्हणून ०.८३. वरच्या मर्यादेपासून मोजले तर ०.०२६ भागिले ०.००४८, म्हणजे ५.४२. हे कागदावर मांडायला मला चौथा दिवस उजाडला. ते पहिल्याच दिवशी मांडायला हवे होते.

कारण कळले, पण चौकट रिकामी कशी सोडायची हे कळेना. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या मदत कक्षाला मेल केला. तक्रार क्रमांक आला. दूरध्वनी केला; क्रमांक विचारून ठेवून दिला. एकाने तर मला ‘उणे ९९९ टाका’ असा सल्ला दिला. त्याने आलेखाची पट्टी इतकी ताणली गेली की सगळे ठिपके एका रेषेत चिकटले. अकरा दिवस असे गेले. त्यात दोनदा वीज गेली आणि तयार शाफ्टवर गंजाचे डाग येऊ नयेत म्हणून आम्ही ते पुन्हा तेलात बुडवले. शेवटी एका मुलीने दूरध्वनीवर दोन मिनिटांत सांगितले की, मागच्या पानावर ‘मापाचा प्रकार’ आहे, तो मुळात ‘दुहेरी’ असतो, तो ‘फक्त वरची’ करा. केला, लाल तारा गेला. मात्र एकदा वाचने साठली की त्या मापाचा बदललेला प्रकार जतन होत नाही, म्हणून नवे माप तयार करून सेटरांच्या नव्या सेटिंगची एकशे पंचवीस वाचने मी रात्री बसून पुन्हा भरली.

म्हणून रनआउट, सपाटपणा, पृष्ठभागाचा खरखरीतपणा अशी एकेरी मापे आधी वेगळी काढावीत, प्रकार निवडावा आणि मगच मर्यादा भराव्यात. खोटी दहा वाचने टाकून सीपीके हाताने ताडून पाहावा. ती नोंद पुसता येते तोवरच हे करावे.

आणखी एक गोष्ट आता आठवली. दशांश स्थळे मापकाच्या लीस्ट काउंटप्रमाणे (मापक दाखवू शकतो त्या सर्वांत लहान मापाप्रमाणे) ठेवावीत. आमचा व्यास सुरुवातीला दोनच स्थळांवर गोल होत होता, आणि १३ मायक्रॉनच्या (०.०१३ मिलिमीटरच्या) टॉलरन्समध्ये, म्हणजे दोन मर्यादांमधल्या अंतरात, त्याला काही अर्थ उरत नाही. तापमानाचेही तसेच. मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, आमच्या खोलीत पावसाळ्यातही ३० असते. तेवढ्याने २५ मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट सुमारे ३ मायक्रॉन फुगतो. पोलादी मास्टर (माप ठाऊक असलेला नमुना) आणि मोजायचा जॉब रात्रभर एकाच सरफेस प्लेटवर ठेवून मास्टरवर मायक्रोमीटर लावला, तर हा फरक बराचसा कटतो. ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली की जुन्या पार्टच्या मर्यादा खोडू नयेत. आवृत्ती वेगळी नोंदवावी, नाहीतर जुने आलेख नव्या मर्यादांवर तपासले जातात.

नवा अहवाल सोळाव्या दिवशी गेला. दुसऱ्या सकाळी ग्राहकाच्या तपासनिसांचा दूरध्वनी आला: परवापर्यंत ०.८३ होता तो एकदम ५.४२ कसा झाला, आकडे बदलले काय? मी दोन्ही भागाकार एका कागदावर लिहून पाठवले. शून्याला टेकलेली अशी मापे सीपीके गृहीत धरतो तशी घंटेच्या आकारात पसरत नाहीत, तेव्हा ५.४२ हाही आकडा शब्दशः घेऊ नये, हेही खाली लिहिले. खेप संध्याकाळी सुटली. जुने माप मात्र सॉफ्टवेअरमधून काढता येत नाही. यादीत ते अजून आहे, आणि सेटर समोरून गेले की माझा हात आपोआप स्क्रीन खाली सरकवतो.