इंदूर ते बडोदा, जुन्या टू-स्ट्रोकवर: निघण्याआधीची तपासणी

इंदूरहून बडोद्याला जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा ताफा जायचा होता. गाड्यांची तपासणी आणि मागून येणारा टेम्पो ही आमच्या गॅरेजची जबाबदारी. धार, राजगढ, माछलिया घाट, झाबुआ, दाहोद, गोध्रा, हालोल असा सुमारे 350 किलोमीटरचा रस्ता. आजच्या मोटरसायकलला हा एका दिवसाचा पल्ला. या गाड्यांना दोन दिवस दिले, मुक्काम दाहोदला. यादीत नऊ गाड्या होत्या: तीन येझदी, एक जावा, दोन चेतक, एक राजदूत 175, एक आरएक्स 100 आणि एक आरडी 350.

कागदपत्रांचं काम आधी उरकलं. खासगी गाडीला 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं; विमा आणि पीयूसी आहेच. जावा 50 वर्षांवरची. तिच्या मालकांनी 2021च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद केलेली, नंबरात ‘व्हीए’. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच चालते. म्हणून संयोजकांचं रॅलीचं पत्र त्यांच्या खिशात हवंच, टेम्पोत ठेवून उपयोग नाही.

तपासणी कुठे करायची यावर मात्र थोडी खडाजंगी झाली. बहुतेकांचं म्हणणं, गॅरेजमध्ये या, किक मारून दाखवू, ब्रेक-लाइट बघा आणि सही करा. आमचा याला ठाम नकार असतो. थंड इंजिन सगळ्यांचंच चालतं. जुन्या गाडीचे खरे रोग इंजिन तापल्यावर, टाकी काठोकाठ असताना आणि एकच वेग अर्धा तास धरल्यावर बाहेर येतात. म्हणून शनिवारी सकाळी राऊ, महू, तिथून कुटी गावावरून जानापाव डोंगराचा चढ आणि परत, असा जवळपास 90 किलोमीटरचा फेरा ठरवला. अट अशी की जे सामान बडोद्याला न्यायचं तेच लादायचं, जे ऑइल वापरायचं तेच घालायचं, आणि मागे कोणी बसणार असेल तर त्यालाही आणायचं.

निघण्यापूर्वी थंड इंजिनावर जेवढं पाहता येतं तेवढं पाहिलं. पॉइंटच्या (करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काच्या) गाड्यांना फीलर गेज लावून 0.4 मिलिमीटरची फट, प्लगला 0.6. प्लगच्या नंबरात लोक फार फसतात. एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. हल्लीच्या बॉशमध्ये नेमकं उलटं. आणि जुन्या मायकोच्या डब्यावरचे 175, 225 हे आकडे पुन्हा मोठा म्हणजे थंड असेच. एका येझदीत असाच ‘मोठ्या नंबरचा’ गरम प्लग निघाला. घाटात असा प्लग पांढराफटक पडतो, त्याचं टोक लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं.

पेट्रोलचे पाइप सरसकट बदलले. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप आतून फुगतो, त्याचे काळे कण पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली बसतात आणि कार्बोरेटर वाहू लागतो. दोन गाड्यांचे पाइप बोटांनी दाबले तर चिकट लागत होते. इंदूरच्या सियागंज बाजारातून इथेनॉल सोसणारा पाइप मीटरवर आणून ठेवला होता. दुसरी गोष्ट, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकला पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. ज्यांचा प्लग कोऱ्या कागदासारखा निघाला त्यांचा मेन जेट एक नंबर वाढवला. कॉफीच्या रंगावर आला की थांबायचं. त्यापुढे नुसता धूर वाढतो.

राऊपर्यंत सगळं सुरळीत. तिथून पुढे ताशी 60चा वेग धरल्यावर लाल येझदी खोकू लागली आणि बंद पडली. ती नुकतीच रंगवलेली, क्रोम चकचकीत, ताफ्यात सगळ्यात देखणी. पाच-सात मिनिटं थांबलं की पहिल्या किकला चालू, पुन्हा तेवढंच अंतर गेलं की बंद.

“कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, प्लग नवा आहे. आता उरलं काय?” येझदीवाले काका वैतागले होते.

“काका, पुढच्या वेळी बंद पडली की किक मारू नका. आधी टाकीचं झाकण उघडा.”

पुढच्या वेळी झाकण फिरवताच ‘स्स’ करून हवा आत ओढली गेली. लगेच किक मारली, गाडी चालू. खात्रीसाठी कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडला: झाकण लावलेलं असताना धार बारीक होत थेंबावर आली, झाकण काढलं की पुन्हा जाड धार. या तपासाला दोन मिनिटं लागतात आणि एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

कारण गमतीचं आहे. झाकणाला हवा आत यायला एक बारीक भोक असतं. रंगवताना ते लॅकरनं बुजलं होतं. पण ते त्याआधीही अर्धवट मातीनं बुजलेलंच असावं. तेव्हा झाकणाखालचा जुना, सुकलेला बुचाचा वायसर हवा सोडायचा म्हणून कोणाला कळलं नाही. रंगकामाबरोबर नवा वायसर बसला, तो घट्ट बसला आणि हवेची चोरवाट बंद झाली. गावात गाडी पेट्रोल कमी खाते, तेवढी हवा कुठून तरी शिरते. ताशी 60ला, लिटरला 30 किलोमीटर धरले तर मिनिटाला साधारण 33 मिलिलिटर पेट्रोल लागतं आणि तेवढी हवा आत येत नाही. त्यात टाकी काठोकाठ असली की वरची मोकळी जागा थोडी, मग पोकळी लवकर तयार होते. म्हणूनच अर्धा लिटर पेट्रोल घालून गॅरेजसमोर चक्कर मारली तर हा रोग जन्मात सापडत नाही. बारीक तारेनं भोक मोकळं केलं. मग सगळ्याच गाड्यांची टाकी ते कार्बोरेटर धार मोजली. मिनिटाला 200 मिलिलिटरच्या खाली जी उतरली तिची पेट्रोल कॉकची जाळी काढून धुतली.

महूत पोहे खायला थांबलो ते मुद्दाम. चालताना वारा लागतो, थांबल्यावर लागत नाही. मग सिलिंडरची उष्णता कार्बोरेटरपर्यंत चढते आणि आतलं पेट्रोल उकळू लागतं. चेतकला तर पंखा इंजिनाबरोबरच बंद. पंधरा मिनिटांनी कोण किती किकांत चालू होतं, हे पाहून वाटेतल्या थांब्यांचा अंदाज येतो. थांबताना कॉक आधी बंद करायचा आणि गरम गाडीला चोक द्यायचा नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारायची. या गोष्टी पाळल्या की निम्म्या तक्रारी मिटतात.

जानापावच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, एक चेतक बंद पडली. लक्षण वरवर येझदीसारखंच: तापली की बंद, थंड झाली की चालू. मागून आवाज आलाच, “भिया, हिचंपण झाकण उघडा!” उघडलं. काही फरक नाही. प्लग काढला तर ओला. म्हणजे पेट्रोल येतंय, करंट नाही. प्लग सिलिंडरच्या डोक्याला टेकवून किक मारली, ठिणगी पिवळी आणि मधूनच गायब. दोन रोगांतला फरक वेळेनंही कळतो: हवा अडलेली गाडी पाच-सात मिनिटांत उठते, तापलेली कॉइल वीस-पंचवीस मिनिटं घेते, कारण तांबं आणि लोखंड सावकाश निवतं.

आता कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून जोडलेला भाग) की मॅग्नेटखालची, ठिणगीचा करंट देणारी कॉइल? पॉइंट जळून काळे, खड्डे पडलेले असते तर संशय कंडेन्सरवर. इथे पॉइंट स्वच्छ होते. तरी रस्त्यावरचा सोपा उपाय आधी केला: आतल्या कंडेन्सरची तार सोडवून बाहेर, वारा लागेल अशा जागी, दुसरा कंडेन्सर जोडला. थोडा चढ चढून पुन्हा बंद. मग मल्टिमीटर लावला. गरम असताना कॉइलमधून वाट पूर्ण तुटलेली; गाडी निवली तसा मीटर पुन्हा नेहमीचा आकडा दाखवू लागला. आतली तार कुठेतरी तुटलेली होती. थंड असताना तिची टोकं एकमेकांना टेकायची, तापून पसरली की सुटायची. गॅरेजमध्ये थंड मोजली असती तर हीच कॉइल शंभर टक्के पास झाली असती. ती गाडी टेम्पोतूनच खाली आली. स्टेटर (कॉइल बसवलेली प्लेट) पूर्ण नवा बसवायचं ठरलं, नुसती कॉइल गुंडाळून घेऊन इतक्या लांब जायचं नाही.

उतारावर आम्ही दुसरंच पाहत होतो. पेट्रोलमध्येच ऑइल घालायच्या गाड्यांना अॅक्सिलरेटर बंद म्हणजे ऑइलही बंद. गिअरमध्ये टाकून लांब उतार उतरलं तर इंजिन जोरात फिरतं आणि सिलिंडर कोरडा पडतो. पिस्टन पकडतो (सिलिंडरमध्ये घट्ट अडकतो) तो बहुतेक घाट संपताना. म्हणून माछलिया घाटात दर काही सेकंदांनी अॅक्सिलरेटर थोडा उघडायचा, किंवा क्लच दाबून ब्रेकवर यायचं. आरएक्स आणि आरडीला ऑइलचा वेगळा पंप आहे, त्यांना ही धास्ती कमी.

आरडीनं वेगळाच प्रश्न उभा केला. चेतकच्या मागे ताशी 45नं चालवली की तिचे दोन्ही प्लग काळे पडायला लागायचे. नकाशावर ‘सगळे एकत्र’ छान दिसतं, पण 145 सीसीची स्कूटर आणि 347 सीसीची जोड-सिलिंडर गाडी एका दोरीत बांधता येत नाही. शेवटी दोन टोळ्या केल्या. चेतक, राजदूत आणि जावा अर्धा तास आधी निघणार, ताशी 45 ते 50. बाकीचे मागून 60-65नं. भेट फक्त ठरलेल्या पंपावर: धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा. टेम्पो सगळ्यांच्या मागे. तो कोणाच्याही पुढे गेला की त्याचा उपयोग संपला.

परत आल्यावर जावाचं इंजिन दाबानं तपासलं, कारण तिचा धूर चढानंतरही पांढरा राहिला होता आणि गिअर ऑइल कमी झालं होतं. दोन्ही एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड रबरी बुचांनी बंद करून 6 पीएसआय हवा भरली. मिनिटभरात 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती. उतरली. क्लचकडचं ऑइल सील गेलं होतं, गिअर ऑइल क्रँकमध्ये ओढलं जात होतं. हे त्यातल्या त्यात बरं. सील डायनामोच्या बाजूचं गेलं असतं तर ऑइलऐवजी हवा ओढली असती, मिश्रण पातळ झालं असतं आणि इंजिन पकडलं असतं.

ऑइलची व्यवस्था पंपावर गोंधळ होणार नाही अशी केली. पूर्वीसारखं पंपावर टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिळेल या भरवशावर राहता येत नाही, म्हणून जासो या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचं ऑइल टेम्पोतून. चेतकला लिटरला 20 मिलिलिटर, म्हणून पाच लिटरला 100ची बाटली, पांढरी पट्टी. येझदी, जावा, राजदूतला लिटरला 40, पाच लिटरला 200ची, लाल पट्टी. आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल आणि गाडी हलवायची. भरलेल्या टाकीवर वरून ऑइल ओतलं तर ते तळाशी जातं, कॉकमधून पहिल्यांदा तेच उतरतं आणि प्लग भिजतो. आरएक्सच्या टाकीत चुकून मिश्रण गेलं तर धूर होईल एवढंच. येझदीत नुसतं पेट्रोल गेलं तर काही किलोमीटरांत खेळ खलास. म्हणून पंपावर एकच माणूस भरणार, मालकानं हात लावायचा नाही.

टेम्पोत काय काय भरलं: मॅग्नेट काढायचे पुलर प्रत्येक जातीचे वेगळे, 10, 16 आणि 18 इंची ट्यूब, चेनची लॉक, पॉइंट, कंडेन्सर, एक गरम करून तपासलेली कॉइल, केबलच्या तारा आणि स्क्रूचे निपल. क्लचची दुसरी केबल मात्र टेम्पोत नको, प्रत्येक गाडीवर पहिल्या केबललगत आधीच टाकून टेप लावलेली. तुटली की दोन टोकं जोडायची आणि निघायचं. येझदी-जावासाठी सी-स्पॅनर हवाच, सायलेन्सरची गोल नट पहिल्या 30 किलोमीटरांत सैल होते आणि ती गरम असतानाच आवळावी लागते.

तारखेवर संयोजकांचा जीव 14 जानेवारीवर होता, बडोद्याची उत्तरायण बघायला. त्याला आम्ही हरकत घेतली. त्या दिवसांत दाहोदपासून पुढे रस्त्यावर मांजा आडवा असतो आणि दुचाकीवाल्याच्या गळ्याशी येतो. डिसेंबरचा शेवट धरला. सहा व्होल्टच्या गाड्यांचा उजेड बेताचाच, दिवस लहान, म्हणून पहिली टोळी इंदूरहून सकाळी सातला आणि दाहोदला कुठल्याही परिस्थितीत साडेपाचच्या आत. चेतकचा स्टेटर बसला की तिला एकटीला पुन्हा जानापाव चढवायचं, टाकी भरून, आणि वर पोचल्यावर इंजिन बंद न करता पाच मिनिटं उभी ठेवायची.