फड बंद, तालीम चालू

मे महिना संपत आला होता. कोल्हापुरातल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये सोळा वर्षांचा एक वेगवान गोलंदाज आला, सोबत वडील आणि आजोबा. "कंबर धरलीय, मॅडम. रविवारी मॅच आहे. तेवढ्यापुरतं टेपिंग करून द्या," वडील म्हणाले.

मी त्याला डाव्या पायावर उभं राहून मागे झुकायला सांगितलं. अर्ध्यातच थांबला. कुठे दुखतं म्हटल्यावर त्याने कमरेवरून हात फिरवला नाही, मणक्याच्या डाव्या बाजूला नेमकं एक बोट टेकवलं. असं बोट टेकलं की माझ्या पोटात गोळा येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्या पोरांचं कमरेचं हाड बहुतेक वेळा डाव्या बाजूलाच तडकतं. टेप बाजूला ठेवली आणि त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे एमआरआयसाठी पाठवलं.

रिपोर्ट घेऊन तिघे परत आले. कमरेच्या पाचव्या मणक्यात ताणाची सूज होती, आरपार फ्रॅक्चर नव्हतं. म्हणजे वेळेवर सापडलं होतं. मी पोराला मोबाईलमधलं स्कोअरिंग अ‍ॅप उघडायला लावलं. शाळेच्या स्पर्धा, क्लबचे सामने, निवड चाचणी, उन्हाळी शिबिर, टेनिस बॉलच्या नाईट मॅचेस. स्क्रीन सरकवत आम्ही आदल्या जूनपर्यंत गेलो. सलग पंधरा दिवस बॉल टाकला नाही, असं कुठेच दिसेना.

"पावसाळ्यात तरी?"

"शेडमधलं टर्फ आहे ना, मॅडम. तिथं लीग असते."

मला चीड येते ती इथे. पूर्वी आपल्याकडे पाऊसच पोरांना सक्तीने थांबवायचा. मैदानात चिखल, नेट गुंडाळून ठेवलेलं, दोन-तीन महिने खांद्याला आणि कमरेला आपसूक सुट्टी. मुंबईत कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा १९४८ पासून भर पावसात खेळली जाते हे खरं, पण ती रविवारची आणि ओल्या, मऊ खेळपट्टीवरची. आता सिमेंटवर अंथरलेल्या टर्फवर पोरं बाराही महिने पाय आपटतात.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर पडतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या पाच-सहा पट भार येतो आणि त्याच क्षणी कंबर मागे आणि बाजूला वळलेली असते. त्याने हाडाची बारीक झीज होते. ती भरून निघते, पण शरीर आधी खराब झालेलं हाड काढून टाकतं आणि मग नवं घालतं, त्यामुळे मधले काही आठवडे ती जागा उलट कच्ची असते. नेमक्या त्याच आठवड्यांत नवे स्पेल पडत राहिले की हाड हरतं. सोळाव्या वर्षी तर मणका अजून पुरता पक्काही झालेला नसतो.

"चार-पाच महिने नुसतं बसवायचं? मागं पडेल की तो," वडिलांचा आवाज चढला. मी ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सचं उदाहरण दिलं. २०११ मध्ये अठराव्या वर्षी कसोटीत पदार्पण, मग पाठीसकट एकामागून एक दुखापती आणि पुढची कसोटी थेट २०१७ मध्ये रांचीला. वडील गप्प झाले, पण पटलेलं दिसत नव्हतं.

आजोबा तोवर एक शब्दही बोलले नव्हते. तरुणपणी ते कुस्ती खेळायचे, हे तेव्हा कळलं. "बसायचं कुणी सांगितलंय? आमचं फड दिवाळी झाली की सुरू व्हायचं, जत्रांबरोबर संपायचं. पावसात कुठला आलाय फड? पर तालीम कवा बंद पडली न्हाई. जोर, बैठका, खुराक, झोप. पैलवान तवाच घडायचा. डॉक्टरबाई तेच सांगत्यात."

याहून नीट मला सांगता आलं नसतं. आम्ही कागद घेऊन बसलो. सुरुवातीला धावणं नाही, मागे वाकणं नाही. दुखणं थांबलं की पोट, नितंब आणि पोटऱ्यांचा व्यायाम, मग हळूहळू धावणं, आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर छोट्या रनअपने मोजके बॉल. शेडच्या लीगची फी आधीच भरली होती. "पैसं गेलं म्हणून समज," आजोबांनी मुलाला बजावलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस पोराने चार पावलांवरून पहिले सहा बॉल टाकले, न दुखता. त्याच दिवशी त्याच्या कोचबरोबर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आखलं. त्यात जून आणि जुलैसमोर वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: बोलिंग नाही.