बुडबुड्याने पुन्हा घात केला, पण रिक्तिका मोजली!

एकतिसाव्या मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखालच्या चेंबरमध्ये (प्राणी ठेवायच्या इवल्या पोकळीत) बुडबुडा शिरला. हवेची कडा अंगावरून गेली आणि पॅरामेशियम (एकपेशीय प्राणी) जागच्या जागी फाटलं. ज्याचा रिक्तिकेवरचा परिणाम बघायचा होता, ते मिठाचं पाणी तोवर नुकतंच पोहोचू लागलं होतं!

त्याआधीचं मात्र हाती लागलंय. प्राण्याचा वेग मंदावणारा मेथिल सेल्युलोजचा चिकट लगदा सोडून उथळ चेंबर करायचं ठरलं होतं, ते जमलं. साध्या पाण्यात मागची संकोची रिक्तिका (पेशीतलं जादा पाणी बाहेर फेकणारी पिशवी) साधारण ११ सेकंदांनी रिकामी होत होती. भोवतालच्या नलिकांची चांदणी इतकी स्वच्छ दिसली की पहिल्या चार फेऱ्या मोजायच्याच राहिल्या. (नुसता ताल पुरत नाही, व्यासही लागतो. आकारमान भागिले वेळ, तेव्हा कुठे उपसा कळतो.)

आता बुडबुडा. आधी संशय सांध्यांवर, म्हणून नळ्या बदलल्या. मग स्टेपर मोटरचा सिरिंज पंप काढला. तसाही तो धक्के देतो आणि व्हिडिओत रिक्तिका धडधडते की पंप, हेच कळत नाही. कमी प्रवाहाला स्वस्त लीडस्क्रू (पंपाचा दट्ट्या ढकलणारा आट्यांचा दांडा) नकोच, उंचावर टांगलेली बाटली बरी. तरी बुडबुडा हजर, आणि अडकतो नेमका चेंबरच्या अरुंद तोंडाशी. गणित केल्यावर कळलं का ते: ५० मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यात सुमारे २.९ किलोपास्कल जादा दाब, म्हणजे जवळपास ३० सेंटीमीटर पाण्याची उंची. माझी बाटली १० सेंटीमीटरवर. तो हलणार कसा? बाटली चढवली तर प्रवाह वाढून प्राणीच वाहून जातो.

खरा चोर बहुधा दिवा. फ्रिजमधलं गार पाणी एलईडीखाली तापतं आणि विरघळलेली हवा बाहेर पडते. पुढच्या वेळी उकळून निववलेलं पाणी. प्राणवायूची काळजी नको, चेंबरची चिप ज्या सिलिकॉन रबराची आहे त्या पीडीएमएसमधून हवा आरपार जाते...

थांबा. आरपार जाते, तर तिलाच कामाला लावू! पीडीएमएस आणि ते घट्ट करणारं द्रव्य यांच्या १०:१ मिश्रणातली हवा काढायला वापरतो त्याच व्हॅक्यूमच्या बरणीत तयार चिप अर्धा तास ठेवली, तर बाहेर काढल्यावर पीडीएमएस स्वतःच चॅनेलमधली हवा शोषून घेईल. मग बबल ट्रॅपचा (बुडबुडे अडवणाऱ्या कप्प्याचा) साचा कापायचा बेत तूर्त रद्द. कोणी हे केलं असेल तर सांगा, बरणीतून काढल्यावर पाणी भरायला किती मिनिटं मिळतात? मी उद्या आधी रिकाम्या चिपवर शाईच्या पाण्याने बघतो. पॅरामेशियम नंतर.