पेन्सिलीची खूण

काल दुपारी तासभर ऊन पडलं म्हणून आईची पुस्तकं अंगणात मांडली. गणपतीची चवथ तोंडावर आली तरी देवघराचे खण तसेच राहिले होते. सगळ्यात खाली तिची गीता, तळहातात मावणारी, पुठ्ठा सुटलेली. दमट होऊन चिकटलेली पानं एकेक सोडवताना नवव्या अध्यायात, 32 व्या श्लोकाशेजारी पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह दिसलं. नीट पाहिलं तर ते एकदा खोडलेलं होतं. रबराची मळकट खूण होती आणि तिच्यावर पुन्हा तेच चिन्ह, या वेळी दाबून काढलेलं.

'मां हि पार्थ व्यपाश्रित्य येऽपि स्युः पापयोनयः। स्त्रियो वैश्यास्तथा शूद्रास्तेऽपि यान्ति परां गतिम्॥'

माझा आश्रय घेतला तर पापयोनीत जन्मलेले, स्त्रिया, वैश्य, शूद्र, तेसुद्धा परमगतीला जातात.

हा श्लोक आई रोज पहाटे म्हणायची. कधीपासून, मला आठवत नाही. मी जागी व्हायचे ती त्याच आवाजाने. आणि पंधराव्या वर्षी मी देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून, मला आत का येऊ देत नाहीस, असं विचारलं तेव्हा तिने मान वर न करता सांगितलं होतं, "शास्त्रांत बरयलां गो." शास्त्रात तसं लिहिलंय, एवढंच. त्या एका वाक्याचा राग मी किती वर्षं धरून बसले. तिला प्रश्नच पडत नाहीत असं मी ठरवूनच टाकलं होतं. मला का नाही सांगितलं तिने? एकदा तरी.

रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले. पापयोनी हे विशेषण स्त्रिया, वैश्य आणि शूद्रांनाच लागतं, असं शंकराचार्य आपल्या भाष्यात सरळ सांगतात. पापयोनी हा वेगळा वर्ग आहे, स्त्रियांचा उल्लेख निराळा, असंही काहींनी म्हटलंय. म्हणजे एकाच ओळीतून कुणाला शिवी ऐकू येते, कुणाला आश्वासन. मग त्यातलं देवाचं कुठलं?

कृष्ण बोलला ते अर्जुनाशी. ते संजयाने ऐकलं व्यासांच्या कृपेने, आणि सांगितलं आंधळ्या धृतराष्ट्राला. वैशंपायनांनी ते जनमेजयाला सांगितलं, तिथून सौतीने नैमिषारण्यातल्या ऋषींना. पुढे किती पाठ करणारे, किती नकलणारे. महाभारताच्या काही हस्तलिखितांत गीतेच्या श्लोकांची मोजदाद आहे: कृष्णाचे 620, अर्जुनाचे 57, संजयाचे 67, धृतराष्ट्राचा 1, एकूण 745. आपण म्हणतो ते 700. पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. तिच्या सभापर्वात द्रौपदीने कृष्णाला मारलेली हाक मूळ संहितेत नाही, खाली टिपांत गेलीय. ती हाक ऐकत मी लहानाची मोठी झाले. देवाची इच्छा इतक्या तोंडांतून आली, तर त्या तोंडांची चव तिला लागणारच.

हे लिहिताना हात जड होतोय. देव नाही असं मला म्हणायचं नाही. आमच्या अंत्रुजेतले, म्हणजे गोव्यातल्या फोंड्याकडचे, देव तर माणसांनीच पोर्तुगीजांच्या हातून नदीपार आणून वाचवलेले: मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून. ज्यांनी उचलून आणले त्यांनी देव कुठल्या ग्रंथाला विचारून हलवले असतील असं मला वाटत नाही.

माझ्या पुण्याच्या शिक्षणासाठी आईने देवीचा प्रसाद, म्हणजे कौल, घेतला होता, तेही आज आठवलं. मूर्तीला पाकळ्या लावल्या, भटजींनी गाऱ्हाणं घातलं, आणि डावी पाकळी पडली, म्हणजे देवीचा नकार. आई उठली नाही. म्हणाली, गाऱ्हाण्याचे शब्द बदला, परत लावा. तासाभराने उजवी पडली. तेव्हा मला लाज वाटली होती, देवीशी असा हट्ट! आज वाटतं, तिचा अविश्वास देवीवर नव्हताच. मध्ये जे माणसांचे शब्द होते त्यांच्यावर होता.

पण मग उंबऱ्यावर मला अडवताना तो कुठे गेला? तेव्हा घरात आजी होती, आणि... असो.

ज्ञानेश्वरीत याच भागात ओवी आहे, 'म्हणौनि कुळ जाति वर्ण। हें आघवेंचि गा अकारण।'. माउलींनी श्लोक काढून टाकला नाही, पण त्याच्यापाशी अडूनही राहिले नाहीत. आईला ही ओवी ठाऊक असणारच. आधी काय आलं, ओवी की प्रश्नचिन्ह?

ताईला फोन केला. श्लोक वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्या ठिकाणी ती थांबायची. रोज. आपण म्हणायचो, दमट हवेने तिला धाप लागते."

थोड्या वेळाने तिने विचारलं, गणपतीवर टांगायच्या माटोळीला कांगलां, ती रानफळं, मिळाली का. मी म्हटलं, उद्या बाजारात बघते.

गीता परत खणात ठेवलेली नाही. उशाशी आहे. पहाटे नववा अध्याय म्हणायचाय. त्या श्लोकाशी मीही थांबेन, आईएवढंच.